आई-बाबांना रेल्वेने अमेरिकेतल्या राजधान्या दाखवायच्या आहेत, सल्ला हवा

नेपरव्हिलकर
नमस्कार मंडळी. आई-बाबा दौंडहून आलेत, शिकागोजवळ आमच्याकडे सहा महिने आहेत. बाबा मालगाडीचे गार्ड होते, चौतीस वर्षं. मॉल बघून दोघंही विटलेत. परवा बाबा नकाशा पुढ्यात घेऊन बसले आणि म्हणाले, "मुख्यमंत्री बसतात ती गावं रेल्वेने बघू." म्हणजे गव्हर्नर. तर कोणत्या राज्यांच्या राजधान्यांना पॅसेंजर गाडी जाते आणि त्यातल्या कोणत्या कराव्यात? चार-पाच दिवस आहेत. दोघांचं मिळून गाडीभाडं ६०० डॉलरच्या आत हवं. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे अपरात्री उतरणं नको. मला सुट्टी नाही, दोघंच जातील.

झुकझुक_बोस्टन
डोळे मिटून ईशान्येला पाठवा. बॉस्टन, प्रॉव्हिडन्स, हार्टफर्ड, ट्रेंटन, हॅरिसबर्ग, ऑल्बनी. चार-पाच दिवसांत सहा राजधान्या! बॉस्टनहून प्रॉव्हिडन्स तर तासाभराच्या आत. मी दर आठवड्याला जातो.

नेपरव्हिलकर
धन्यवाद, पण शिकागोहून बॉस्टनला रेल्वेने पोचायलाच जवळपास एक अख्खा दिवस लागतो ना?

झुकझुक_बोस्टन
मग बॉस्टनपर्यंत विमानाने पाठवा.

डेन्व्हरचा_दादा
कॅलिफोर्निया झेफर. विषय संपला. लिंकन, डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी, सॅक्रामेंटो, एकाच गाडीत चार राजधान्या. आम्ही २०२२ ला रूमेट (दोघांची झोपायची छोटी खोली) घेऊन गेलो होतो. सकाळी डोळा उघडतो तो डेन्व्हरला, पुढे दिवसभर रॉकी पर्वत. बजेटचं बघू नका हो, आई-बाबा काय रोज येतात?

नेपरव्हिलकर
दादा, रूमेटचा भाव बघून आलो. आई-बाबा रोज येत नाहीत, पण घराचा हप्ता दर महिन्याला येतो.

रात्रीस_खेळ_नको
झेफरने लिंकनला उतरायचं म्हणजे पश्चिमेकडे जाताना मध्यरात्र आणि परतताना पहाटे तीनच्या पुढे. मी हा प्रकार केलाय. डिसेंबर होता, टॅक्सी आधी ठरवली नव्हती (माझाच गाढवपणा), आणि स्टेशनवर माझ्याखेरीज उतरलेला एकुलता एक माणूस बायकोच्या गाडीत बसून निघून गेला. पाऊण तास बॅगेवर बसून होतो. टोपिकाचंही तेच, कॅन्ससची राजधानी, गाडी रात्री बारा वाजून गेल्यावर येते. धागाकर्त्यांनी अपरात्री नको म्हटलंय, ते लोक वाचतच नाहीत.

मोजणीमास्तर
मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणीच दिलं नाही. ५० राजधान्यांपैकी २८ ठिकाणी ॲमट्रॅकची, म्हणजे इथल्या राष्ट्रीय पॅसेंजर रेल्वेची, गाडी थांबते. सँटा फे वेगळं धरा, तिथे आल्बुकर्कीहून न्यू मेक्सिकोची रेल रनर जाते. ॲमट्रॅकने यायचं तर लॅमीला उतरावं लागतं.

खडूस_काका
२८ चुकीचं. ऑल्बनीचं स्टेशन हडसन नदीच्या पलीकडे रेन्सेलरला आहे. लॅन्सिंगचं ईस्ट लॅन्सिंगला. ऑलिंपियाचं लेसी गावात. माँटपेलियरचं 'जंक्शन' शेजारच्या गावात. म्हणजे खरी २४ च.

मोजणीमास्तर
काका, या न्यायाने पणजीला रेल्वे आहे की नाही? तिकीट करमळीचं काढता ना?

मांडवीकिनारी
अवांतर: करमळीहून पणजीला बस मिळते हो. आणि करमळीचं तळं लेसीपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

खडूस_काका
पणजीला रेल्वे नाहीच. माझा मुद्दा तोच आहे. आणि खरं दुःख वेगळं आहे. ओहायोच्या कोलंबसला १९७९ पासून एकही पॅसेंजर गाडी नाही. फिनिक्सची १९९६ ला गेली, आता उतरायचं मॅरिकोपाला. बॉइझीची १९९७ ला. टॅलाहासीची २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बंद झाली ती आजतागायत. नॅशव्हिलला एक लोकल आहे फक्त. आणि गावात कुणाला विचारलं तर म्हणतात, गाडी कशाला हवी, कार आहे की.

रुळावरून_घसरलेला
कोलंबसवरून आठवलं. २०१७ साली शिकागोहून ओहायोतल्या मित्राकडे निघालो होतो. स्टेशनांच्या यादीत कोलंबस दिसलं, तिकीट काढलं. पुढे ओ-एच आहे की डब्ल्यू-आय हे कोण बघतंय! मिलवॉकी आलं तेव्हा जरा शंका आली, पण म्हटलं गाडी वळसा घेत असेल. उतरलो तर टुमदार विटांचं एक स्टेशन आणि समोर सामसूम. मित्राला फोन केला. तो म्हणतो, "कुठल्या स्टेशनवर आहेस? इथे स्टेशनच नाहीये." ते निघालं विस्कॉन्सिनचं कोलंबस. गंमत म्हणजे मॅडिसन या राजधानीलाही गाडी नाही, तिथले लोक याच कोलंबसला गाडी पकडायला येतात. तेव्हा आई-बाबांचं तिकीट काढताना राज्याची दोन अक्षरं बघा. स्प्रिंगफील्ड इलिनॉयलाही आहे आणि मॅसॅच्युसेट्सलाही. जॅक्सन मिसिसिपीलाही आणि मिशिगनलाही. सगळीकडे गाडी थांबते!

झुकझुक_बोस्टन
म्हणून म्हणतो, ईशान्येला असले घोळ नाहीत.

रुळावरून_घसरलेला
डोव्हर ही डेलावेअरची राजधानी, तिथे गाडी नाही. न्यू हॅम्पशायरचं डोव्हर राजधानी नाही, तिथे आहे. ईशान्येलाच आहेत ना दोन्ही?

मिनेसोटाची_माई
सेंट पॉल सुचवते. शिकागोहून बोरियालिस गाडी आहे, २०२४ च्या मे मध्ये सुरू झालीय. सकाळी अकराच्या सुमारास निघते, संध्याकाळी साडेसहाच्या आसपास पोचते. सगळा प्रवास उजेडी, आणि वाटेत मिसिसिपी नदी कितीतरी वेळ खिडकीला लागून असते. युनियन डेपोच्या दारात ग्रीन लाइन ट्राम मिळते, ती थेट कॅपिटॉलजवळ (राज्याचं विधानभवन) सोडते. गुडघ्यांना त्रास नाही. मी माझ्या सासूबाईंना नेलं होतं. त्यांनी वाटेत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली तर समोरच्या बाईंनी चटणीची कृती लिहून घेतली.

पासवाला
रेल पास घ्या. ३० दिवसांत १० टप्पे, ४९९ डॉलर. मी घेतला होता, वसूल.

नेपरव्हिलकर
दोघांचे ९९८ झाले. आणि चार-पाच दिवसांत १० टप्पे म्हणजे बाबा खूश होतील, पण आई परस्पर दौंड गाठेल.

डेन्व्हरचा_दादा
मग रेंटल कार घेऊन फिरवा सरळ.

खडूस_काका
धाग्याचं शीर्षक वाचा.

प्लॅटफॉर्म_नं_५
जवळचं सोडून सगळे लांब पळताहेत. स्प्रिंगफील्ड, इलिनॉय. तुम्ही नेपरव्हिलला आहात, तर शिकागोच्या युनियन स्टेशनला जाऊच नका, जॉलिएटला कारने सोडा. लिंकन सर्व्हिस तिथे थांबते. २०२३ पासून या मार्गावर ताशी ११० मैलांनी धावतात. स्प्रिंगफील्डला उतरलं की कॅपिटॉल जवळ, अब्राहम लिंकनचं घर जवळ, आणि १८६१ मध्ये तो वॉशिंग्टनला निघाला तो डेपोही जपून ठेवलाय. बाबांचं वय ६५ किंवा त्याच्या वर असेल तर भाड्यात १० टक्के सूट मिळते, तिकीट काढतानाच निवडा. फलाट बुटका असेल तिथे कंडक्टर पिवळं स्टूल ठेवतो. आईंना सांगा, त्याचा हात धरायला लाजायचं नाही. आणि युनियन स्टेशनहूनच चढायचं झालं तर लाल टोपीवाल्या मदतनिसाला सांगा, बॅगा तो नेतो. त्याचे पैसे लागत नाहीत, टीप द्यायची.

मोजणीमास्तर
+१. पण स्प्रिंगफील्डहून तसंच पुढे सेंट लुईसला जाऊन गाडी बदलली तर मिझुरी रिव्हर रनरने जेफरसन सिटीही होते. दोन राजधान्या.

झुकझुक_बोस्टन
जेफरसन सिटीत आहे काय? एक जुना तुरुंग, २००४ ला बंद झालेला. आई-बाबांना दौंडहून तुरुंग बघायला आणलंय का?

पासवाला
जेफरसन सिटीला +१ नाही. सेंट पॉल करा. पास घ्या.

नेपरव्हिलकर
सर्वांचे आभार. काल रात्री बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. माझं मत सेंट पॉल होतं, आईचंही (दशम्यांमुळे). बाबांनी एकच प्रश्न विचारला: "यातल्या कुठल्या लायनीवर मालगाड्या जास्त?" बॉस्टनकडे दिवसभर पॅसेंजरच धावतात म्हटल्यावर तिकडचा विषयच संपला. सेंट लुईस ते जेफरसन सिटी हा युनियन पॅसिफिक या मालवाहू रेल्वे कंपनीचा मार्ग आहे, मालगाड्यांचा राबता मोठा, आणि रूळ बराच वेळ मिझुरी नदीच्या काठाने जातात. तर ठरलं. जॉलिएट, स्प्रिंगफील्डला मुक्काम, मग जेफरसन सिटी, आणि त्याच वाटेने परत. पुढच्या मंगळवारी निघताहेत.

झुकझुक_बोस्टन
विचारलं कशाला मग?

मिनेसोटाची_माई
बाबांना शुभेच्छा. चटणी द्या बरोबर.

नेपरव्हिलकर
आले दोघं. थोडक्यात वृत्तांत. प्लॅटफॉर्म_नं_५, पिवळ्या स्टुलाचा उपयोग झाला, आईने हात धरला. स्प्रिंगफील्ड आईला आवडलं. बाबांनी लिंकनचं घर दहा मिनिटांत उरकलं आणि स्टेशनवर जाऊन बसले.

जेफरसन सिटीत कॅपिटॉल नदीकाठच्या उंचवट्यावर आहे आणि रूळ त्याच्या पायथ्याशी. आईने चढ बघितला आणि "मला कळस इथूनच दिसतोय" म्हणून बाकावर बसली. बाबा वर गेलेच नाहीत. दीड तासात चार मालगाड्या मोजल्या, वहीत लिहून आणल्यात. एक १३१ डब्यांची. शेवटचा डबा गेला तेव्हा त्यांनी सवयीने हात वर केला, पण मागे गार्डची ब्रेकव्हॅनच नव्हती. कपलिंगला पेटी आणि तिच्यावर लुकलुकणारा लाल दिवा, बस्स. ती पेटी ब्रेकपाइपचा दाब रेडिओने इंजिनात कळवते. इथे गार्डचे डबे १९८० च्या दशकातच गेले हे मी त्यांना सांगितलं. म्हणाले, "आपल्याकडे आता नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलंय. निदान माणूस तरी ठेवलाय."

रात्रीस_खेळ_नको
छान. अपरात्र टळली ना?

नेपरव्हिलकर
टळली, पण बाबा आता टोपिका म्हणताहेत. रात्री बाराची गाडी म्हटल्यावर डोळे चमकले, "रात्रपाळीच ना?" आईने सांगून टाकलंय, एकटे जा.