मदत हवी आहे: माळावरच्या हिवर-बोरीतला कार्बन कसा मोजावा?

नमस्कार मंडळी,

बारामतीकडच्या गवताळ माळावर आम्ही २० बाय २० मीटरचे चौकोन आखून झाडं मोजतोय. हिवर, बोर, खैर, मधूनच एखादा कडुनिंब. जाती ओळखण्यात अडचण नाही, अडतंय ते घेरापाशी.

छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, खोडाचा घेर घ्यायचा आणि त्यावरून व्यास काढायचा. पण बोर जमिनीपासूनच चार-पाच खोडांनी फुटलेली असते. सध्या प्रत्येक खोडाच्या व्यासाचा वर्ग करून बेरीज करतो आणि तिचं वर्गमूळ हा एकच व्यास धरतो. उंची मात्र कुठल्या खोडाची धरायची? शिवाय मेंढपाळांनी पाल्यासाठी छाटलेल्या हिवराचं खोड जाड नि डोकं बोडकं. व्यास, उंची आणि लाकडाची घनता यांवर चालणारं उष्णकटिबंधीय सूत्र अशा झाडाचं वजन जास्तच दाखवणार ना? त्या वजनाचा ४७ टक्के भाग कार्बन धरतोय, म्हणजे चूक तिथेही उतरणार.

हिवर-बोरीसाठी कोरड्या भागातलं स्थानिक सूत्र कुणी वापरलंय का? गवताच्या मुळांतला आणि मातीतला कार्बन किती खोलीपर्यंत मोजता? हे आकडे नीट हवेत, कारण 'ओसाड' म्हणून इथे दाट झाडं लावायची बोलणी चालू आहेत, आणि हा माळ ओसाड नाही.