टायरचा दिवा सकाळी पेटतो, म्हणून हायब्रिड भंगार?

गारहवा

परवा या फोरमवर एकानं लिहिलं: हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरीवर चालणारी गाडी) घेऊ नका, मोठ्या बॅटरीच्या लहरींनी टीपीएमएस (टायरमधल्या हवेच्या दाबावर नजर ठेवणारं यंत्र) बिघडतं, रोज सकाळी टायरचा पिवळा दिवा पेटतो, दुपारी आपोआप विझतो, शोरूमवाले हात वर करतात. मी दुर्लक्ष केलं होतं. काल मेव्हण्यानं तोच मजकूर मला व्हॉट्सॲपवर पाठवला, वर 'बघ, सांगत होतो ना'. आता उत्तर देणं भाग आहे.

अहो, सकाळी पेटतो आणि दुपारी विझतो, यातच सगळं आलं की! बॅटरीच्या लहरी काय दुपारी वामकुक्षी घेतात?

हिशोब करा. तुम्ही ऑफिसातून येताना पंपावर 33 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरता. तेव्हा टायर 50 अंशांपर्यंत तापलेला. जानेवारीत पहाटे पुण्यात 10 अंश. तीच हवा, त्याच टायरात, आता 27 दाखवणार. एक रेणूही बाहेर गेलेला नाही. वर पंधरा दिवसांची नेहमीची थोडी गळती धरा. पाचवा हिस्सा दाब कमी झाल्यावर दिवा लागत असेल, तर 33 ची मर्यादा साधारण 26.4. तुम्ही काठावरच उभे होता, थंडीनं ढकललं. दुपारी टायर तापला, दिवा विझला. यंत्र खरं बोलतंय, खोटं तुम्ही भरलंत.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. तो स्टिकर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीला आहे. उघडून बघा एकदा.

लहरीमहाराज

तो मजकूर माझाच. मेव्हण्याचा राग माझ्यावर काढू नका.

माझी आधीची पेट्रोल गाडी नऊ वर्षं चालवली. असा दिवा एकदाही लागला नाही. हायब्रिड घेतली आणि पहिल्याच थंडीत सुरू. मग फरक कशाचा? बॅटरीचाच ना?

गारहवा

त्या गाडीत टीपीएमएस होतं का?

लहरीमहाराज

नव्हतं.

गारहवा

😐

लहरीमहाराज

हसा. पण सर्व्हिसवाल्यानंच मला 'इंटरफिअरन्स', म्हणजे लहरींची ढवळाढवळ, असा शब्द वापरून सांगितलं.

रेडिओवाला

ते अगदीच हवेतलं नाही, पण बॅटरीवर ढकलू नका. आपल्याकडे चाकातले सेन्सर 433 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, आणि तेही अगदी हळू आवाजात. गोंगाट करतात ते स्वस्तातले डॅशकॅम आणि लायटरच्या खोबणीत खुपसलेले चार्जर. ते काढून दोन दिवस चालवा. काचेवर धातूची फिल्म असेल तर तीही आड येते, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. अर्थात 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं काळ्या फिल्मवर बंदी घातल्यावर तुम्ही ती लावलीच नसणार.

आणि दिवा कसा लागतो ते सांगा. गाडी चालू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल तर यंत्रणा बिघडली. थेट स्थिर लागत असेल तर हवा कमी.

लहरीमहाराज

थेट स्थिर.

फिल्म आहे. फिकट आहे.

मायलेजसम्राट

मूळ मुद्दा कोणी बोलतच नाही. मी चारही टायरांत 40 ठेवतो. दिवा नाही, कटकट नाही, आणि लिटरला दीड किलोमीटर जास्त. हायब्रिड घेऊन 33 वर चालवणं म्हणजे पुरणपोळीवर डालडा.

गारहवा

दिवा लागत नाही कारण तो कमी हवेचा आहे, अतिहुशारीचा नाही. पावसाळ्यात ब्रेक मारून बघा, म्हणजे पोळी कुठे पडते ते कळेल. टायर मधोमध झिजला की नव्या टायरच्या बिलात तो दीड किलोमीटर शोधा.

स्टेपनी कुठाय

दिवा, लहरी, डालडा, सगळं बाजूला ठेवा. मला एकच विचारायचंय. स्टेपनी कुठे आहे?

जुलै 2020 मध्ये सरकारनं नियम केला: साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत टीपीएमएस, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल. म्हणजे हा पिवळा दिवा मला स्टेपनीच्या बदल्यात मिळालाय. गेल्या वर्षी कशेडीच्या अलीकडे, रात्री अकरा, खड्ड्याच्या कडेनं टायरची बाजूची भिंतच फाटली. दिवा बरोब्बर लागला हो! एक नंबर अचूक! किटमधला तो पांढरा चीक आत सोडला, तो तसाच भसाभसा बाहेर. बायको, सासूबाई, दोन मुलं, आणि डिकीत आंब्याच्या चार पेट्या. टोइंगवाला आला पहाटे तीनला. आंबे पिकले.

दिवा खरं बोलतो हे मला मान्य. मला चाक पाहिजे होतं.

गारहवा

याला माझ्याकडे उत्तर नाही. भिंत फाटली तर किटचा उपयोग शून्य.

पण हे टीपीएमएसचं पाप नाही, नियमाचं आहे.

स्टेपनी कुठाय

वा! म्हणजे माफ केलं का मी?

सातारकर काका

मी 1987 पासून गाडी चालवतो. टायरला एक लाथ घातली की हवा कळते. तुमच्या पिढीला श्वास चालू आहे का हे बघायलाही घड्याळ लागतं.

गारहवा

काका, मानानं सांगतो, रेडियल टायर 24 वरही डोळ्याला ठीकच दिसतो आणि लाथेलाही ठीकच लागतो. खाली थोडा फुगलेला तो नेहमीच असतो.

सातारकर काका

महाबळेश्वरहून चिपळूणला उतरताना तुमचं यंत्र किती दाखवतं ते सांगा मग. वर भरलेली हवा खाली कमी होते. मला हे यंत्राशिवाय ठाऊक आहे.

रेडिओवाला

काकांचं बरोबर आहे. महाबळेश्वर साधारण 1370 मीटरवर. खाली आलात की बाहेरचा दाब वाढतो आणि गेजवर दोनेक पीएसआय कमी दिसतात. कोकणातल्या उकाड्यानं त्यातले काही परत मिळतात.

सातारकर काका

धन्यवाद. लाथेचं मोजमाप सुरू ठेवतो.

चिंचवडची माऊ

तुम्ही सगळे 'सकाळी थंड टायरात हवा भरा' म्हणता. कुठे भरू? आमच्या जवळच्या पंपावर साध्या हवेचं मशीन कायम बंद. बाजूचं नायट्रोजनचं मात्र चोवीस तास सुरू, चाकाला वीस रुपये. वर तो पोरगा सांगतो, मॅडम, सेन्सरच्या गाडीला नायट्रोजनच लागतो, नाहीतर दिवा लागणार.

गारहवा

थाप आहे. थंडीत नायट्रोजनचाही दाब तितकाच उतरतो. सेन्सरला दाब कळतो, वायूचं नाव कळत नाही.

विमानतळ

माफ करा, अर्धवट माहिती देऊ नका. माझा भाऊ विमानांच्या देखभालीत आहे. विमानाच्या टायरात नायट्रोजनच असतो. ते लोक मूर्ख आहेत का?

शाळामास्तर

विमान उतरताना चाकं आणि ब्रेक भयंकर तापतात, आत ऑक्सिजन असणं धोक्याचं, आणि वर उणे पन्नास अंशांत ओलावा गोठतो. म्हणून नायट्रोजन. आपण आकुर्डीहून निगडीला जातो. आणि साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. ऐंशी रुपये तुम्ही उरलेल्या 22 टक्क्यांचे देता.

विमानतळ

मास्तर, टिंगल सोपी असते. नायट्रोजन हळू गळतो हे सिद्ध झालेलं आहे.

शाळामास्तर

झालंय ना. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेनं 31 मॉडेलचे टायर वर्षभर ठेवून मोजले. हवेचे सरासरी 3.5 पीएसआय उतरले, नायट्रोजनचे 2.2. फरक वर्षाला 1.3. त्यासाठी तुम्ही दर महिन्याला ऐंशी रुपये देताय, म्हणजे गळतीपेक्षा खिसा लवकर रिकामा.

लहरीमहाराज

एक मिनिट! वर्षाला साडेतीनच? मग 'पंधरा दिवसांची नेहमीची गळती' कुठून आली हो गारहवा? महिन्याला 0.3 सुद्धा होत नाही.

गारहवा

ते टायर एका जागी उभे होते. तुमचा टायर रोज खड्ड्यात आपटतो, व्हॉल्व्ह जुना, रिमची कड गंजलेली. प्रत्यक्षात महिन्याला एकदीड पीएसआय सहज जातो.

लहरीमहाराज

म्हणजे तुमच्या सोयीचा आकडा असेल तर विज्ञान, माझ्या सोयीचा असेल तर खड्डे.

गारहवा

बरं. पंधरा दिवसांऐवजी महिना धरा. झालं समाधान?

जर्सीतला नागपूरकर

इकडे अमेरिकेत दर ऑक्टोबरला पहिल्या थंडीत सगळ्या कॉलनीचे दिवे एकदम लागतात, दिवाळीच म्हणा. हायब्रिड, पेट्रोल, काहीही. 2000 साली फायरस्टोन कंपनीच्या सदोष टायरांचं प्रकरण गाजल्यावर कायदा आला आणि सप्टेंबर 2007 पासून प्रत्येक नव्या गाडीत हे सक्तीचं झालं. इथे पाव हिस्सा हवा गेली की दिवा लागतो.

पण गारहवा, 'यंत्र खरं बोलतं' हे फार ठणकावून सांगू नका. माझ्या हायब्रिडचे टायर सर्व्हिसमध्ये पुढचे मागे, मागचे पुढे केले. सेन्सरची जागा नव्यानं नोंदवली नाही. स्क्रीनवर डावा पुढचा 26. मी तीन आठवडे डाव्या पुढच्यात हवा भरत होतो. तो 41 वर गेला, स्क्रीन म्हणे 25. प्रत्यक्षात डाव्या मागच्यात खिळा होता.

गारहवा

साधं गेज नव्हतं का जवळ?

जर्सीतला नागपूरकर

होतं. पण स्क्रीन असताना गुडघे कोण टेकवतो?

रेडिओवाला

आणि ज्या गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो, एबीएसकडून (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकाचे फेरे मोजून अंदाज बांधतात, तिथे हवा भरल्यावर रीसेट दाबावं लागतं. हवा कमी असताना रीसेट दाबलं तर यंत्र तेच बरोबर समजून बसतं. चारही टायर सारखेच उतरले तर कित्येकदा त्याला पत्ताही लागत नाही. दिवा विझवायला रीसेट दाबणारे दोघे माझ्या बिल्डिंगमध्येच आहेत.

गारहवा

ठीक. 'यंत्र खरं बोलतं' मागे घेतो. 'तुमचं यंत्र बहुतेक खरं बोलतंय' असं वाचा.

लहरीमहाराज

आज सकाळी साडेसहाला गाडी न हलवता गेजनं मोजलं. 27, 26, 26, 28. चार्जर काढला होता, तरी दिवा होता. 33 केले. दिवा गेला.

मजकूर काढत नाही. शोरूमवाले हात वर करतात हे अजूनही खरंच आहे. दोन फेऱ्या मारल्या, एकानं सांगितलं नाही की आधी थंड टायर मोजा.

गारहवा

मेव्हण्याला तेवढं कळवाल का?

लहरीमहाराज

मेव्हणा तुमचा.

विमानतळ

मास्तर, भावाला विचारलं. तो म्हणाला, स्वतःच्या गाडीत साधी हवा भरतो. पण त्यानं तुमचा मुद्दा सिद्ध होत नाही.

चिंचवडची माऊ

पंपावर फुकट हवा ठेवणं तेल कंपन्यांच्या नियमातच आहे असं कळलं. काल जाऊन तक्रारवही मागितली. दोन मिनिटांत 'बंद' मशीन सुरू झालं. 33 भरून घेतली. घरी मोजली तर 29! मशीनच खोटं आहे त्यांचं.

गारहवा

पंप किती लांब? आणि घरी मोजलीत ती लगेच की आज सकाळी?

चिंचवडची माऊ

सहा किलोमीटर. सकाळी.

आता तुम्ही सुरू करू नका.