बेटी डेव्हिसचा दडलेला अल्बम नेमका कुठला?

तबकडीवेडा_सातारा
परवा मित्राकडे अमेरिकन फंक गायिका बेटी डेव्हिस पहिल्यांदा ऐकली. घसा सोलून गाते बाई! मित्र म्हणाला, सत्तरच्या दशकात हिचा एक अख्खा अल्बम तयार झाला आणि तसाच पडून राहिला. जॅझ ट्रम्पेटवाला मायल्स डेव्हिसची बायको एवढंच मला ठाऊक होतं. तो अल्बम कुठला? आधी तोच ऐकू की जुने?

रात्रीची_गाणी
'क्रॅशिन फ्रॉम पॅशन' असणार. १९७९ चं रेकॉर्डिंग, अधिकृतपणे आला २०२३ मध्ये. त्याआधीच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, बेटी गेली.

बेसवाला_मिरज
तोही दडलेलाच, पण मित्र म्हणतोय तो बहुधा त्याच्या आधीचा, 'इज इट लव्ह ऑर डिझायर'. १९७६ मध्ये लुइझियानातल्या बोगालुसा गावी, 'स्टुडिओ इन द कंट्री'त झाला. आयलंड या रेकॉर्ड कंपनीनं तो बाजारात आणलाच नाही. सिॲटलच्या 'लाइट इन द ॲटिक' कंपनीनं काढला २००९ मध्ये. तेहेतीस वर्षं! घोळ होतो कारण 'क्रॅशिन फ्रॉम पॅशन' नावाचं गाणं या अल्बमातही आहे.

मायल्सशी लग्न १९६८ चं, टिकलं जेमतेम वर्षभर. रॉक गिटारवाला जिमी हेंड्रिक्सच्या संगीताची गोडी त्याला हिनंच लावली. पण तिची ओळख तिथंच संपवू नका. गाणी ती स्वतः लिहायची.

मी एकोणीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस, म्हणजे खर्जातली गिटार, वाजवतोय. लग्नं, गणपती, जत्रा. तेव्हा माझं लक्ष आधी तिकडंच जातं. तिच्या पहिल्या अल्बमवर (१९७३) बेसला लॅरी ग्रॅहम आहे, स्लाय स्टोनच्या बँडमधला. पोरवयात आईबरोबर क्लबात वाजवायचा. ड्रमर नसायचा, म्हणून ठेक्याचं काम त्यानं बेसवरच घेतलं: अंगठ्यानं जाड तार ठोकायची, बोटानं बारीक तार ओढून सोडायची. एकदा आमचा ड्रमर तासगावच्या कार्यक्रमाला पोचला नाही, तेव्हा मी असं वाजवलं. तिसऱ्या गाण्याला अंगठ्याच्या कडेला पाण्याचा फोड आला होता.

दडलेल्या अल्बमवर बेसला असं गाजलेलं नाव नाही. बँड तिचा स्वतःचा, फंक हाउस. बेसला लॅरी जॉन्सन, ड्रमला निकी नील, कीबोर्डला फ्रेड मिल्स, गिटारला कार्लोस मोरालेस. १९७५ च्या 'नॅस्टी गॅल'वरही हीच मंडळी. तोवर एकमेकांचा हात इतका ओळखीचा झालाय की कोण कुणाला जागा देतंय हे कानाला कळतं. 'व्हेन रोमान्स सेज गुडबाय' लावून बघा. एरवी गुरगुरणारी बेटी इथं जवळजवळ कुजबुजते, आणि सगळे हात आवरून वाजवतात. आमच्या धंद्यात हात आवरणं सगळ्यात उशिरा येतं.

माझा जीव तुटतो तो इथं. बेटीचं नाव निदान जुन्या तीन अल्बमांमुळे राहिलं होतं. या चौघांनी भर तारुण्यात केलेलं इतकं मुरलेलं काम लोकांच्या कानावर पडायला तेहेतीस वर्षं लागली. आताही कुणी लिहिलं की मायल्सचं नाव पहिल्या ओळीत, आणि यांची नावं कुठंच नाहीत.

रात्रीची_गाणी
बरोबर, माझी गफलत झाली. 'नॅस्टी गॅल' कितीदा ऐकलाय, पण वादकांची नावं कधी वाचलीच नव्हती.

तबकडीवेडा_सातारा
दादा, 'व्हेन रोमान्स' आत्ताच दोनदा ऐकलं. ही तीच बाई यावर विश्वास बसेना. बेस मात्र मला नीट सापडत नाहीये. फोनवर ऐकतोय.

बेसवाला_मिरज
फोनच्या स्पीकरवर तो सापडायचा नाही. हेडफोन लावा. आधी 'नॅस्टी गॅल', मग लगेच हा दडलेला. त्याचं शीर्षकगीत पहिल्यांदा फक्त बेससाठी ऐका, दुसऱ्यांदा निकी नीलच्या पायासाठी, म्हणजे पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमसाठी. गाणं तिसऱ्यांदा ऐकलंत तरी चालेल.