मदत हवी आहे: सेल्फ-बॅलन्सिंग बोर्ड कोणता घ्यावा? (लवकर सांगा)

घाईगर्दी
मंडळी, स्टेशनपासून ऑफिस दीड मैल. बसची वाट बघून वैतागलोय. हॉवरबोर्ड (दोन टोकांना दोन चाकं), इलेक्ट्रिक युनिसायकल (एकच चाक, दोन्ही बाजूंना पाय) की वनव्हील (फळीच्या मधोमध एक चाक), एवढंच सांगा. हॉवरबोर्डवरची सूट उद्या रात्री संपतेय. हेल्मेट घेऊन झालंय. आणि कृपया कोणी "चालत जा" म्हणू नका.

कोथरूडकर
बजेट? वजन? चढ आहे का? रस्ता कसा? का कपाळ बघून सांगायचं?

घाईगर्दी
वजन 84. रस्ता साधाच. बजेटचं नंतर बघू, आधी काय घ्यायचं ते ठरू दे.

डांबरट
साधा रस्ता नावाची वस्तू नसते हो. हॉवरबोर्डची चाकं बहुतेक साडेसहा इंची, भरीव रबराची. मॉलच्या फरशीवर झकास. ड्रेनेजच्या झाकणाची कड जराशी वर आली की बोर्ड तिथेच थांबतो आणि तुम्ही पुढे जाता. भाच्याचा घेऊन सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर चालवून बघितला, दाढा खुळखुळल्या. शिवाय दहा-बारा किलोचं धूड, धरायला दांडा नाही. जिना आला की बसा बगलेत मारून.

एकचाक्या
हॉवरबोर्ड हे पोरांचं खेळणं. युनिसायकलच घ्या. 16 इंची चाक, हवेचा टायर, खड्डे पचवतं. सुरुवातीला भिंत धरून शिकायचं, पोटऱ्या सोलवटतात, मग जमतं. वेग मर्यादेला टेकला की पायाखालच्या पट्ट्या चवड्याकडून वर उचलल्या जातात. याचा अर्थ "मागे रेल". ते न जुमानता पुढे झुकत राहिलं की मोटरची ताकद संपते आणि आपण तोंडावर. बॅटरी उतरत आली की ही मर्यादाही खाली येते, तेव्हा परतीच्या वाटेवर मस्ती नको.

मिलिवॅट
मोटर दमली की माणूस तोंडावर, आणि हे ऑफिसला जायचं वाहन? वनव्हीलची तीच गत. 2023 च्या सप्टेंबरात अमेरिकेत तीन लाख वनव्हील रिकॉल झाल्या, चार मृत्यूंची नोंद होती. या सगळ्या प्रकारांत तोल मोटरच सांभाळते. उभं राहून चालवायच्या, दांडा असलेल्या ई-स्कूटरची मोटर बंद पडली तर स्कूटर नुसती थांबते.

एकचाक्या
स्कूटरवरून कोणी पडतच नाही वाटतं?

मिलिवॅट
पडतात. पण मोटरने पाडलं म्हणून नाही. आणि @घाईगर्दी, ती सूट कशावर आहे? यूएल 2272 चं, म्हणजे बॅटरी-वायरिंगच्या सुरक्षा चाचणीचं चिन्ह बघा. बॅटऱ्या पेटत होत्या म्हणून 2016 मध्ये अमेरिकेत पाच लाखांवर हॉवरबोर्ड परत मागवले होते. बिनचिन्हाचा बोर्ड रात्री चार्जिंगला लावून झोपू नका.

सनावळी
सेल्फ-बॅलन्सिंगची सुरुवात सेगवेपासून, म्हणजे उभं राहून चालवायच्या दांडावाल्या दोनचाकीपासून. डीन केमन यांनी 2001 च्या डिसेंबरात ती जगासमोर आणली. 2015 मध्ये नाइनबॉट या चिनी कंपनीने सेगवे विकत घेतली आणि 2020 मध्ये मूळची दोनचाकी बंद झाली.

कोथरूडकर
माहितीबद्दल आभार. विचारलं कोणी होतं?

निवांत
250 वॅटच्या आत आणि ताशी 25 किमीच्या आत असेल तर आरटीओ नोंदणी नाही, लायसन्स नाही. बिनधास्त घ्या.

चौकस
थांबा जरा. हे मैलांत मोजतायत. साहेब, आहात कुठे?

घाईगर्दी
लंडन, अर्थात. ईलिंगहून एलिझाबेथ लाइनच्या ट्रेनने लंडनबाहेर स्लाउला. ऑफिस तिथल्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, म्हणजे एमआयडीसीच समजा. पण रस्ते सगळीकडे सारखेच ना? आणि लायसन्स आहे माझ्याकडे, गेल्याच महिन्यात इथली टेस्ट पास झालोय.

कोथरूडकर
अर्थात!

टेम्सकाठची
अहो, मग काहीच घेऊ नका. इथे तिन्ही प्रकार कायद्याने मोटार वाहनं आहेत. रस्त्यावर आणायचं तर विमा हवा, आणि या बोर्डांचा विमा कोणी उतरवत नाही. विम्याविना सापडलात तर 300 पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पेनल्टी पॉइंट. टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्सच रद्द. फुटपाथवर चालवायलाही 1835 च्या हायवे ॲक्टने बंदी आहे. शिवाय ट्रेनमध्ये नेणार कसा? टीएफएलने (लंडनची सरकारी वाहतूक संस्था) 2021 च्या डिसेंबरात खासगी ई-स्कूटर आणि युनिसायकलवर बंदी घातली, दंड 1,000 पौंडांपर्यंत. हॉवरबोर्डही त्या यादीत आहे, आणि एलिझाबेथ लाइन टीएफएलचीच.

घाईगर्दी
मग दुकानात उघडपणे विकतात कसे? आणि रोज पोरं चालवताना दिसतात!

टेम्सकाठची
विकायला बंदी नाही. खासगी जागेत, मालकाच्या परवानगीने चालवायलाही नाही. पोरांकडे रद्द व्हायला लायसन्स नाही, तुमच्याकडे आहे.

मिलिवॅट
घडीची ई-सायकल घ्या. 250 वॅट, ताशी साडेपंधरा मैल, पेडल मारावं लागतं. लायसन्स नको, विमा नको, घडी घालून ट्रेनमध्ये चालते.

एकचाक्या
सोळा-सतरा किलो उचलून जिना चढणार? हॉवरबोर्डच्या वजनावर मघाशी केवढी बोंब मारली.

डांबरट
बोंब मी मारली होती, मिलिवॅटने नाही. आणि सायकलला धरायला दांडा असतो.

टेम्सकाठची
सायकल नंतर. ऑफिस इस्टेटच्या कोणत्या टोकाला आहे? पश्चिमेकडे असेल तर स्लाउला उतरताच कशाला? त्याच गाडीने पुढच्या स्टेशनला, बर्नहॅमला उतरा. इस्टेटचं ते टोक तिथून जवळ पडतं.

घाईगर्दी
पश्चिमेलाच आहे. ऑफिसात सगळे स्लाउ स्लाउ म्हणतात म्हणून तिथेच उतरत होतो. सोमवारी बर्नहॅमला उतरून बघतो. हेल्मेट मीडियम साइज, लेबलही काढलेलं नाही. ईलिंगच्या आसपास कोणाला हवं असेल तर निरोप टाका.

एकचाक्या
फुल फेस आहे का?