डेबियन 12 वरून 13 वर येताना निम्मी पॅकेजं अडकली

डिचोलीचा छापखाना:
डिचोलीत माझा छोटा छापखाना आहे. वडील खिळे जुळवायचे, मी चित्रं-मांडणीचं इंकस्केप उघडून बसतो. दुकानातल्या एकुलत्या एक मशीनवर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली. पॅकेजं कुठून आणायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाईलीत बुकवर्मच्या (12 चं नाव) जागी ट्रिक्सी (13 चं) लिहिलं, पॅकेजं घालणाऱ्या एपीटीने अपडेट केलं, मग अपग्रेड. बरंच आलं, पण शेवटी ही लांबलचक 'केप्ट बॅक' (मागे ठेवलेल्यांची) यादी : इंकस्केप, गिम्प, फायरफॉक्स, लिबरऑफिस. एकेकाचं नाव देऊन पाहिलं, तर ह्याला ते हवं, त्याला आणखी तिसरंच. पुढच्या आठवड्यात जत्रेतल्या नाटकाची 2000 हँडबिलं द्यायचीत. सगळं पुसून नव्याने घालू?

म्हापसा रूट:
पुसू नका बाब. साधं अपग्रेड असलेलं पॅकेज कधीच काढत नाही, आणि 13 मध्ये कित्येक लायब्रऱ्यांची (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडची) नावंच बदललीत, शेवटी 'टी64' लागलंय. संगणकाची 32 बिटांत मोजलेली वेळ 19 जानेवारी 2038 ला संपते, म्हणून ती 64 बिटांची केली. तुमच्या मशीनवर ती आधीपासून 64 बिटांचीच आहे, पण नाव सगळीकडे एकच ठेवलं. जुनं निघाल्याशिवाय नवं येत नाही, म्हणून फुल-अपग्रेड करा. आधी '-एस' लावून नुसतं वाचून बघा, त्यात काहीच बदलत नाही.

डिचोलीचा छापखाना:
केलं. त्यानेही जवळजवळ तीच यादी मागे ठेवली.

पणजी रात्रपाळी:
'एपीटी-मार्क शोहोल्ड' चालवा, कुठली पॅकेजं धरून ठेवलीत ते दाखवतं. काय येतं?

डिचोलीचा छापखाना:
लिबकप्स2, छपाईची लायब्ररी. अरे देवा, हे माझंच काम! दोन वर्षांपूर्वी एका अपडेटनंतर छपाई 3 मिलीमीटर डावीकडे सरकायला लागली, तेव्हा जुनी आवृत्ती धरून ठेवली होती. साफ विसरलो.

पणजी रात्रपाळी:
मग गाठ तिथेच आहे. जीटीके 3 ला (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) छपाईसाठी लिबकप्स लागतं, आणि इंकस्केप, गिम्प, फायरफॉक्स तिघंही जीटीकेवर उभे. तुम्ही एकच दोरी बांधलीत, अख्खा गोठा अडकला. 'अनहोल्ड' करा आणि परत '-एस'.

डिचोलीचा छापखाना:
केलं. आता 'काढली जातील' मध्ये लिबकप्स2 दिसतंय! छापखान्यातून छपाईच काढणार काय?

म्हापसा रूट:
त्याच आउटपुटात 'नवी येतील' ची यादी बघा, लिबकप्स2टी64 असेल. काढायच्या प्रत्येक नावाची तिथे जोडी शोधा. ज्याला जोडी नाही, त्याचाच विचार करायचा. आणि ग्राहकांच्या फाईली आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, हे सांगायला नको.

डिचोलीचा छापखाना:
यादी कागदावर छापली आणि पेन्सिलीने टिकमार्क करत बसलो. बिनजोडीचं एकच निघालं, कधीतरी डेब फाईल आणून हाताने घातलेलं फाँट बघायचं काहीतरी. जाऊ दे.

डिचोलीचा छापखाना:
झालं! सकाळी दुकान उघडायच्या आधी केलं, इन्व्हर्टर लावून, मध्येच वीज गेली तर नसती आफत. इंकस्केप उघडलं, हँडबिलाचं पहिलं पान काढलं. परत 3 मिलीमीटर डावीकडे. मग ट्रे उघडून पाहिला, कागद धरणारी डावी पट्टी ढिली होती.

पणजी रात्रपाळी:
म्हणजे दोन वर्षं कप्सला उगाच कोंडून ठेवलात!