मदत हवी आहे: केळशी ते हर्णै एका दिवसात किनाऱ्याने, उटंबरचा खडक कोणत्या तिथीला पार करावा?

नमस्कार मंडळी,

येत्या पौषात, म्हणजे जानेवारीत, केळशीच्या पुळणीवरून पहाटे निघून उटंबर (येथे चढाच्या पायथ्याचा, पाण्याला लागून असलेला खडक ओलांडावा लागतो), आडे, पाडले आणि आंजर्ले करत अंधार पडण्यापूर्वी हर्णै गाठायचे, असा आमचा विचार आहे. आम्ही चौघे आहोत: मी, माझा भाऊ, त्याची 17 वर्षांची मुलगी आणि आमचे 67 वर्षांचे काका. नकाशावर दोरा धरून वळणावळणाने मोजले तर अंतर सतरा-अठरा किलोमीटर भरते. डोंगरात चालणाऱ्याला हा आकडा मोठा वाटणार नाही. पण येथे पायाखाली वाळू आणि खडक आहे, वाटेवर खुणेचा दगड किंवा पाटी नाही, आणि कोणत्या वेळी कोठे असायचे हे आपण नव्हे तर पाणी ठरवते. दापोली तालुक्यातला हा किनारा ज्यांच्या पायाखालचा आहे, त्यांच्याकडून मला नेमकी माहिती हवी आहे.

इतकी काळजी का, ते सांगते. मागच्या फेब्रुवारीत मी आणि भाऊ वेळणेश्वराहून हेदवीकडे खडकाखडकाने निघालो होतो. सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, केव्हा आहे ते पाहून निघालो होतो, पण निघायलाच दीड तास उशीर झाला आणि एवढ्याने काही बिघडत नाही असे आम्ही धरून चाललो. एका नाकाडाला वळसा घालताना दोन खडकांमधली घळ लागली. जाताना तिच्या तळाशी नुसती ओल होती. पुढे वाट नाही म्हणून वीस-पंचवीस मिनिटांनी परतलो, तेव्हा त्याच घळीत पाणी गुडघ्याला लागत होते आणि प्रत्येक लाटेबरोबर मांडीपर्यंत चढत होते. खडकावरची कालवे (शिंपले) काढून परत निघालेल्या एका आजींनी वरच्या बाजूने हाक मारली, "तिकडं नको, वरनं या, पाणी भराया लागलं." त्या सांगतील तेथे पाय ठेवत आम्ही वर आलो. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडांनी माझा उजवा तळहात अंगठ्यापासून मनगटापर्यंत चिरला आणि ती जखम भरायला तीन आठवडे लागले. चूक पूर्णपणे आमची होती. ती पुन्हा होऊ नये, विशेषतः पुतणी आणि काका बरोबर असताना, म्हणून हा धागा काढत आहे.

आता मुख्य अडचण. काकांनी लहानपणापासून शिकवलेला हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणून सुकती बाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला भरती भर दुपारी, म्हणून सुकती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. दिवसभर चालणाऱ्याला दुपारची सुकती सोयीची, हे उघड आहे. पण अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही तसे फार मागेही जात नाही, आणि खडकाचा पायथा नीट उघडा पडेल याची खात्री राहत नाही. उधाणाच्या दिवसांत पाणी भरपूर मागे जाते, पण ते अगदी उजाडताना आणि मावळताना, शिवाय परत येते तेही जोराने. सोयीची वेळ आणि मोकळा खडक या दोन्ही गोष्टी एका तिथीला मिळत नाहीत, आणि मी गेले पंधरा दिवस पंचांग पुढे घेऊन याच ठिकाणी अडकले आहे.

मधला मार्ग म्हणून मी पौष वद्य पंचमी धरली आहे. पंचमीची पाऊणपट पावणेचार, म्हणजे सुकती सकाळी दहाच्या आसपास. सात वाजता, दिसू लागताच, केळशी सोडायची, ओल्या घट्ट वाळूवरून पुळण संपवायची आणि साडेआठ-नऊला, पाणी अजून ओसरत असतानाच, उटंबरच्या पायथ्याच्या खडकात शिरायचे, म्हणजे दहाच्या पुढे-मागे तो टप्पा संपवून आड्याच्या बाजूला उतरता येईल. दुपारी पावणेचारची भरती येईल तेव्हा आम्ही आंजर्ल्याच्या पुढे, खाडीवरच्या पुलावर किंवा रस्त्यावर असू, त्यामुळे तिचा त्रास होऊ नये. कागदावर हे जुळते. माझी शंका एवढीच आहे की पंचमीपर्यंत उधाणाचा जोर ओसरलेला असतो, आणि त्या दिवशीच्या सुकतीला उटंबरचा पायथा सलग चालता येण्याइतका उघडा पडतो का? की पौर्णिमेला जवळची तृतीया धरून आणखी लवकर, सुकती साडेआठच्या सुमारास आहे असे मानून, काळोखातच निघावे? तृतीयेला चंद्र पहाटे आकाशात असतो, पण काळोखात पुळणीवर चालणे मला या दिवसांत बरे वाटत नाही. हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ आहे, माद्या रात्री वर येतात, आणि चार माणसांच्या विजेऱ्यांनी एखादी मादी अंडी न घालता परत फिरली तर त्या चालण्याला अर्थ नाही.

दुसरे असे की आमच्या हाताशी मुंबईच्या भरती-ओहोटीचे वेळापत्रक आहे. केळशी-हर्णैच्या वेळेत आणि मुंबईच्या वेळेत किती मिनिटांचा फरक धरावा, हे रोज होडी घालणाऱ्या कोणी सांगितले तर पाऊणपटीच्या ठोकळ हिशोबावर अवलंबून राहावे लागणार नाही.

खडकात असताना पाणी वाढलेच तर उटंबर गावाकडे चढून जाणारी पायवाट कोठे कोठे आहे, हेही कळायला हवे. केवळ वर चढता येते एवढ्याने भागणार नाही, कारण त्या उतारावर आंब्याच्या बागा असतील, जानेवारीत मोहरावर फवारणी चालू असते, आणि कोणाचा गडगा ओलांडून औषध मारलेल्या कलमांखालून चौघांनी जाणे योग्य नाही. बागायतदारांना आधी विचारून ठेवायचे असेल तर गावात कोणाकडे जावे, एवढे सांगितले तरी पुरे, नाव-नंबर येथे लिहू नये. तसेच आड्याच्या खाडीचे मुख सुकतीला पायी ओलांडतात का, की वळसा घालून पुलावरूनच जावे? वाळूचा तळ दरवर्षी बदलतो, म्हणून गेल्या वर्षभरात पाहिलेल्या माणसाचे मत मला अधिक मोलाचे वाटेल.

काकांबद्दल. ते रोज सहा किलोमीटर चालतात, चढावर त्यांचा दम टिकतो, पण शेवाळलेल्या खडकावर तोल सावरणे ही वेगळी गोष्ट आहे. एक पर्याय असा की त्यांनी केळशीहून गाडीने आड्याला यावे, तेथून आमच्याबरोबर पाडल्याची पुळण चालावी आणि आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घ्यावे, कारण त्यांच्या मनात मुळात तेच आहे. मी हा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त पंचांग मिटून ठेवले. उटंबरचा पायथा त्या वयाच्या, सरावाच्या माणसाला झेपण्यासारखा आहे असे तुमच्यापैकी कोणी स्वतः पाहून सांगितले तर मला फार आनंद होईल. नसेल तर तेही स्पष्ट लिहा, मी तो प्रतिसाद त्यांना वाचून दाखवीन.

पाण्याची सोय माणशी तीन लिटर अशी बरोबर घेत आहोत, पायात जाड तळाचे, पूर्ण बंद बूट असतील आणि हातांसाठी कातडी मोजे घेतले आहेत. केळशीत आदल्या रात्री मुक्काम आहे. खोली पंचमीसाठी सांगायची की तृतीयेसाठी, हे मला या रविवारपर्यंत कळवायचे आहे, म्हणून उटंबरच्या खडकाबद्दलचे उत्तर सर्वांत आधी मिळाले तर बरे होईल.