आश्विन-कार्तिकात पुण्यात फिरायचं कुठे? टेकडी की पेठा?

कुसळ
कोजागिरी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच गोंधळ. कासला जायचं का सिंहगडावर, गाड्या किती, पहाटे निघायचं किती वाजता. कासचा बहर तोवर ओसरत आलेला असतो याची कुणाला फिकीर नसते. सव्वाशे-दीडशे किलोमीटर जायचं, रांगेत उभं राहायचं आणि सुकत चाललेल्या तेरड्यासमोर फोटो काढून परत यायचं. सिंहगडाचं तर बोलायलाच नको. रविवारी अर्धा वेळ घाटातल्या गाड्यांच्या रांगेतच जातो.

माझं सरळ मत आहे. पाऊस थांबल्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पुणेकराने शहराबाहेर पडायची गरजच नाही. आणि शहरातली एकच जागा निवडायची तर वेताळ टेकडी. शहरातला सगळ्यात उंच भाग, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. ऑक्टोबर हीट आहेच, पण ती दहानंतरची. सहाला चढायला लागलात तर सूर्योदय वर गाठता येतो आणि ऊन तापायच्या आत घरी.

जूनमध्ये उगवलेलं गवत आता कमरेला लागतं आणि वरून पिवळं पडायला लागलेलं असतं. मधूनच कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे. खाणीतल्या पाण्याचा गाळ खाली बसलेला. (बघायचं लांबूनच, पाण्यात उतरायचं नाही.) मोर दिसतात, पण पिसारा गळालेले, त्यामुळे जरा ओशाळल्यागत झुडपांत पळतात. घरी आलं की मोज्यांतली कुसळं काढायचा कार्यक्रम. कुसळ नेहमी टोकाकडून धरून पुढे ओढायचं. मागे ओढलं की ते मोडतं आणि टोक आतच राहतं, मग दिवसभर टोचतं. वनखात्याने लावलेल्या गिरिपुष्पाखाली मात्र काही उगवत नाही, तो पट्टा टाळा.

शनिपार
असहमत. टेकडी कुठे पळून जात नाही आणि तुमचं ते गवत डिसेंबरातही उभंच असतं. पेठांमध्ये जे दिसतं ते वसुबारसेच्या आधीचे आठ-दहा दिवस. ते हुकलं की वर्षाने.

सुरुवात कसब्यातल्या कुंभारवाड्यापासून करा. पणत्या, बोळकी आणि किल्ल्यावरची चित्रं. सिंहासनावरचे महाराज, मावळे, तोफवाला, भाजीवाली, गवळण, वाघ. प्रमाण-बिमाण काही नाही. गवळण बुरुजाहून उंच आणि वाघ घोड्याच्या दीडपट! तरी पोरं एकेक चित्र हातात फिरवून, भाल्याचं टोक मोडलेलं नाही ना बघून घेतात. तिथून अप्पा बळवंत चौकात दिवाळी अंक चाळायचे आणि शेवट मंडईत. मंडईची दगडी इमारत १८८६ सालची. महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत असताना याच बाजारावरच्या खर्चाला विरोध केला होता आणि आज मंडईला नाव त्यांचंच आहे. हे त्या इमारतीखाली उभं राहून आठवलं की गंमत वाटते.

मग लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सदाशिव-नारायण पेठेतल्या बोळांतून किल्ले बघत हिंडायचं. पोत्यावर माती लिंपलेली, वर अळीव उगवलेलं आणि मालक मंडळी टॉर्च घेऊन हजर. पुरंदरचा तह ऐकल्याशिवाय पुढे सोडत नाहीत.

कुसळ
आणि धूर? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तुम्ही बोळांतून हिंडायला सांगताय, जिथे दर दहा पावलांवर माळ लावलेली असते. शिवाय दिवाळीआधीच्या रविवारी लक्ष्मी रोडवर चालणं म्हणजे चालणं नव्हे, ढकलले जाणं.

शनिपार
म्हणून मधल्या वारी जा. मंगळवारी सकाळी मंडईत निवांत असतं. पेठा फक्त रविवारी बघणारे लोक नेहमी गर्दीची तक्रार करतात.

तिन्हीसांजा
दोघांचंही वाचलं. कुसळ, सहाला टेकडी चढा हे तुम्ही किती सहज लिहिलंत! शहरातल्या टेकड्यांवर लूटमार झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. मी पूर्वी वेताळ टेकडी पाषाणकडच्या पंचवटीच्या बाजूने एकटी चढायचे. पहाटेच्या अंधारात वळणावर दिसतंय ते झाडाचं खोड की बसलेला माणूस, हे ठरवत उभं राहायचा कंटाळा आला आणि सोडून दिलं. आता चौघीजणी असलो तरच जाते, आणि चौघींची वेळ महिन्यातून एकदा जुळते.

माझं मत एम्प्रेस गार्डनला. तिकीट आहे, फाटक आहे, बाकं आहेत. जुनी झाडं एवढी मोठी की सकाळी अकराला बाहेर रेसकोर्सजवळ चटके बसत असताना आत सावलीत बसता येतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना टेकडीही नको आणि बोळही नको. त्या एका बाकावर तास-दीड तास बसतात, मी तेवढ्यात दोन चकरा मारून येते.

शनिपार
एम्प्रेस गार्डन म्हणजे जानेवारी. पुष्पप्रदर्शन.

तिन्हीसांजा
प्रदर्शनात माणसंच दिसतात, झाडं नाही. म्हणून तर ऑक्टोबर म्हटलं.

निगडीकर
पुणे म्हणजे कोथरूड ते कसबा, जमलंच तर रेसकोर्स. चालू द्या.

आमच्याकडे दुर्गा टेकडीवर संध्याकाळी जाऊन बघा. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीजवळ पवनेचा घाट आहे. आणि कार्तिकाचं बोलताय तर आळंदीचं नावच कुणी घेतलं नाही? पंढरपूरची कार्तिकी शुद्ध एकादशीला, आळंदीची वद्य एकादशीला. त्या आठवड्यात दिंड्यांबरोबर थोडं चाललात तर कासची आठवणही येणार नाही.

कुसळ
इंद्रायणीवरचा फेस बघायला यायचं का?

निगडीकर
मुठा काय गंगाजल आहे का!

बुचाचं फूल
मंडळी, तुम्ही जागा शोधताय, पण या दिवसांत पुणं रस्त्यांवरच बघावं. बुच फुललेला असतो. विद्यापीठाच्या आवारात सकाळी झाडाखाली पांढरा सडा पडतो. लांब नळीची फुलं, एकाची नळी दुसऱ्यात अडकवत गेलं की दोऱ्याशिवाय वेणी होते. माझ्या आजीला येत होती, मला येते, मुलीला शिकवतेय. झाड एवढं उंच की वर बघून फूल दिसत नाही, खालीच सापडतं. आणि अंधार पडला की सातविणीचा वास सुरू. यासाठी कुठे 'जावं' लागत नाही, फक्त गाडीची काच खाली करावी लागते.

खिडकीबंद
सातविणीचं कौतुक करणाऱ्यांनी आमच्या बेडरूममध्ये एक रात्र काढावी. खिडकीबाहेर ओळीने पाच झाडं. साडेसातनंतर डोकं जे धरतं ते सकाळपर्यंत. ऐन थंडी सुरू होताना खिडक्या बंद करून पंखा लावून झोपतो आम्ही. सरसकट रस्तोरस्ती एकच झाड लावायची कल्पना ज्या कुणाची होती त्याला माझ्या घरचं आमंत्रण. बुचाबद्दल तक्रार नाही.

एकशेतीन
पर्वती विसरलात सगळे. नाव बघून ओळखलं असेल, तेवढ्याच पायऱ्या. टेकडीचा वारा आणि पेठेतला इतिहास एकाच ठिकाणी. नानासाहेब पेशवे १७६१ मध्ये इथेच गेले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने इथूनच पाहिली. पाऊस धुऊन गेल्यावर हवा स्वच्छ असते तेव्हा तिथे उभं राहा आणि खडकीच्या दिशेला बघा. मधलं एवढं शहर वजा करून त्या दिवशी काय दिसलं असेल याचा अंदाज करता येतो. मात्र दिवाळीच्या आत जा, नंतर धुरक्यात सारसबागसुद्धा धड दिसत नाही.

आणि सारसबागेवरून आठवलं, थंडी पडली की तळ्यातल्या गणपतीला स्वेटर घालतात. तेही उतरताना बघून घ्या.

निगडीकर
बाजीराव वरून बघत बसला आणि बारा दिवसांत शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. जागा चांगली असेल, पण गुण काही बरा नाही.

एकशेतीन
:) त्यात पायऱ्यांचा काय दोष? त्रिपुरीला या. तेव्हा पर्वती नको असेल तर जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरला. आठव्या शतकातलं लेणं, समोर गोल नंदीमंडप आणि कातळाच्या कडेकडेने पणत्या. रस्त्यावरचा हॉर्न आत येतो म्हणा, पण अर्धाच.

गुपचूप
एक कळकळीची विनंती: असे धागे काढू नका. तळजाई अशीच सांगून सांगून संपली. रविवारी सकाळी वर हवा घ्यायला जायचं म्हणून खाली गाडी लावायला भांडायचं. पाषाण तलाव, कवडीपाट, जिथे म्हणून पक्षी येतात तिथे आता थव्याच्या दुप्पट कॅमेरे असतात. तुमच्या आवडीची जागा आहे ना? मग जा आणि गप्प बसा. उद्या कुणीतरी हाच धागा वाचून बुचाखाली रील करायला येईल.

कुसळ
यावर मात्र मी भांडणार. न सांगितलेली जागा वाचते हा गैरसमज आहे. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा प्रस्ताव किती वर्षं डोक्यावर टांगलेला आहे बघा. २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी मोर्चा निघाला तेव्हा त्यात चालणारे मुख्यतः रोज टेकडीवर येणारे होते. जो कधी वर आलाच नाही तो पौड फाट्याच्या सिग्नलला अडकलेला असतो आणि त्याला रस्ता हवाच असतो. त्याचंही चूक नाही म्हणा, त्याने टेकडी पाहिलेलीच नाही. गर्दीचा त्रास मला मान्य आहे. कचरा, स्पीकर, सिगारेट हे सगळं. नोव्हेंबरात गवत वाळल्यावर एका थोटकाने डोंगर पेटतो. तरीही मी दहा जणांना वर घेऊन जाईन.

गुपचूप
त्या दहांतले सात स्पीकर घेऊन परत येतील.

कुसळ
तीन मोर्चाला येतील ना!

शनिपार
पहिल्यांदाच कुसळ यांच्याशी सहमत. कुंभारवाड्याचंही तेच. गिऱ्हाईक ऑनलाइन पणत्या मागवायला लागलं तर कुंभार किती दिवस चाक फिरवणार? वाडे तर डोळ्यांदेखत पडतायत. ज्या वाड्याच्या अंगणात आम्ही किल्ला करायचो तिथे आता पार्किंग आहे. पोरं किल्ला करतात, पण जिन्याखाली, फरशीवर. माती आणायला मात्र अजून तुमच्याच टेकडीवर येतात, त्यामुळे टेकडी राहिलेली आम्हालाही बरी.

कुसळ
ती माती टेकडीवरून न्यायची नसते, वनखात्याची जमीन आहे. नर्सरीत पोत्याने मिळते.

शनिपार
नर्सरीतल्या मातीचा बुरूज उभा राहत नाही हो, खत असतं त्यात.

तिन्हीसांजा
तुमचं भांडण चालू द्या, मला एवढंच सांगा: कुंभारवाड्यात गाडी कुठपर्यंत जाते? सासूबाईंना या वर्षी पणत्या स्वतः निवडायच्या आहेत.

शनिपार
गाडी नेऊच नका, अडकाल. मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरा, सरकता जिना आणि लिफ्ट दोन्ही आहे. पुढे थोडंच चालायचं, नाहीतर रिक्षा. सकाळी जा, दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते.